जुना व्हाइस: दांडा फिरतो, जबडा हलत नाही

पडवीवाला

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठाला. पडवीत वडिलांचा चार इंची व्हाइस (वस्तू जबड्यांत घट्ट पकडायचं हत्यार) बाकाला बसवलेला आहे. वडील मुंबईत गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर गावी परतले तेव्हा नागदेवी स्ट्रीटवरून जुन्यातला घेऊन आले. निळ्या रंगाचे पोपडे अजून शिल्लक आहेत, बाजूला ओतीव अक्षरांत 'रेकॉर्ड', '३' आणि 'इंग्लंड' एवढं वाचता येतं. ते गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नाही, आणि आमच्या पडवीला पावसाची झड थेट लागते. तेव्हा अवस्था काय असेल ते सांगायला नको.

दांडा आधी जागचा हलत नव्हता. शेजारच्या दादाने त्याला लांब पाइप लावून हिसका दिला, कट्‌कन आवाज झाला आणि दांडा मोकळा झाला. आता उलटा फिरवला तर फिरतो, पण पुढचा जबडा तसाच. जबड्यांमध्ये बोटभर फट आहे ती ना वाढते ना मिटते. शिवाय जबड्यावरच्या दातेरी पट्टीचा एक स्क्रू तुटलाय.

हार्डवेअरवाला म्हणतो आटे गेले, भंगारात घाला. खरंच गेले असतील का? आणि नसतील तर सुरुवात कुठून करू? माझं काम किरकोळच, पंपाची दुरुस्ती, कोयत्यांना धार, असलं. पण हा टाकवत नाही.

दहा_बाराचा_पाना

गंज सोडवायचा डब्ल्यूडी फॉर्टीचा स्प्रे मारा, रात्रभर ठेवा, सकाळी बघा.

गंजलेला_माणूस

चला, धाग्याचा नारळ फुटला. पहिला प्रतिसाद डब्ल्यूडी फॉर्टीचा नसता तर मी धागा अशुभ मानला असता.

लेथवाला

पडवीवाले, काहीही मारायच्या आधी एक बघून सांगा. दांडा उलटा फिरवताना स्क्रूचं डोकं (ज्या भोकातून दांडा जातो तो गोळा) जबड्यापासून सुटून बाहेर येतं का? की जागच्या जागी नुसतं फिरतं?

बाहेर येत असेल तर नटाचे आटे शाबूत आहेत. आटे धरतायत म्हणूनच स्क्रू मागेपुढे होतोय. जागच्या जागी फिरत असेल तर मात्र नटाचे आटे खाल्ले गेलेत, किंवा नट स्वतःच आपल्या घरात फिरतोय. दोन्हींचा उपाय वेगळा, खर्चही वेगळा. दुकानात उभं राहून 'आटे गेले' हे कोणीही सांगतो.

पडवीवाला

लेथवाले, आत्ताच बघितलं. गोळा बाहेर येतो. जबडा आणि गोळा यांच्यात चांगली इंचभर फट पडली. परत घट्ट केला तर गोळा जबड्याला टेकतो आणि तिथून पुढे दांडा अडतो.

लेथवाला

मग पेढे वाटा. नट ठणठणीत आहे.

झालंय काय ते सांगतो. स्क्रू आवळताना गोळा जबड्याला पुढून ढकलतो, त्यात काही बिघडण्यासारखं नाही. उघडताना मात्र जबड्याला बाहेर ओढून आणणारी गोष्ट वेगळी असते. जबड्याच्या आतल्या बाजूला स्क्रूवर एक स्प्रिंग, त्यामागे वॉशर आणि वॉशर अडवायला आरपार एक स्प्लिट पिन. सगळी ओढ त्या पिनेवर. तुमचा जबडा गंजाने बॉडीत चिकटलेला, त्यात दादाने पाइप लावला. जबडा हलला नाही, पिन तुटली. तो कट्‌कन आवाज पिनेचा. एका परीने बरंच झालं. पिन तुटली नसती तर बीडाला (ओतीव लोखंडाला) तडा गेला असता.

आता स्क्रू पूर्ण उलटा फिरवत जा, तो सगळा बाहेर येईल. स्प्रिंग आणि वॉशर आतच पडलेली असतील, खालून बॅटरी मारून शोधा. राहिला फक्त चिकटलेला जबडा.

अबोली_दापोली

लेथवाल्यांशी सहमत. मी आयटीआयला फिटरच्या मुलांना शिकवते. दरवर्षी एक तरी पोरगा दांड्याला पाइप लावतोच. व्हाइसचा दांडा ठरावीक लांबीचा देतात तो याचसाठी, हाताच्या जोरापलीकडे ताकद जाऊ नये म्हणून. बीडाला दाब कितीही द्या, ताण आणि ठोका सोसत नाही.

जबडा काढताना वरून किंवा पुढून हातोडी मारू नका. जबड्याची चौकोनी दांडी बॉडीच्या मागच्या बाजूने बाहेर आलेली दिसेल. तिच्या टोकाला लाकडी ठोकळा लावून मागून पुढे ठोका, हलक्या हाताने आणि पुष्कळ वेळा. एकाच दणक्यात निघायला हवं असा हट्ट नको.

पार्लेकर

सगळं ठीक, पण हिशेब कोणी मांडणार का? तेल, ॲसिड, रंग, लेथचे पैसे, चार रविवार. नवा चार इंची व्हाइस ऑनलाइन मागवा, तिसऱ्या दिवशी दारात. भावना समजतात, पण ज्याला वर्षातून दोनदा कोयत्याला धार लावायची आहे त्याने इंग्लंडचा व्हाइस जपायचं काय कारण?

गंजलेला_माणूस

पार्लेकर, तुमच्या बाल्कनीत व्हाइस ठेवायला जागा आहे का हो? नाही, सहज विचारलं.

अबोली_दापोली

पार्लेकर, नवा घेऊ नये असं नाही, पण बघून घ्यावा. सरकता जबडा पूर्ण बाहेर काढून आतल्या सरकत्या बाजूंवर बोट फिरवा. स्वस्त मालात तिथे ओतकामाची खरखर तशीच असते, खड्डे पुट्टीने बुजवून वर जाड रंग. मग कागदाच्या दोन पट्ट्या जबड्याच्या दोन टोकांना धरून हलकेच आवळा. दोन्ही सारख्या घट्ट धरल्या पाहिजेत. एक सुटून आली तर जबडे समांतर नाहीत. ही परीक्षा ऑनलाइन घेता येत नाही. पडवीवाल्यांच्या व्हाइसची तीच परीक्षा काम झाल्यावर घ्या आणि मग ठरवा कोण भंगारात जातो.

तांडेल

आमच्याकडे बंदरावर चिकटलेल्या लोखंडाचा अनुभव रोजचाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या, तेव्हा सगळी दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत. खारं पाणी लागलेला नट कसा सोडवतात तर घाई न करून. डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल अर्धं अर्धं, फडकं भिजवून गुंडाळायचं, रोज सकाळी थोडं ठोकायचं आणि आपल्या कामाला जायचं. ठोकल्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. नुसतं तेल ओतून बसलात तर वरच्या वर राहतं. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते मिळतंय कुठे.

बाकाला बोल्ट कसे आहेत? ते आधी बघा. व्हाइस बाकावरच ठेवून काम करा, हातात घेऊन नको.

दहा_बाराचा_पाना

यूट्यूबवाले ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं निम्मं मिसळतात. आमच्या गॅरेजला तेच चालतं, डिझेलपेक्षा लवकर शिरतं. बिडी ओढत ओढत मात्र करू नका. ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते.

पुन्हा_तोच

गॅसकटरने तापवला की पाच मिनिटांत निघेल. उगाच दिवस कशाला घालवायचे.

लेथवाला

पुन्हा तोच, बीडाला कटर? एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने गार झालं की जागच्या जागी तडकतं. तापवायचंच तर साधी ब्लोलँप, बॉडी चहूबाजूंनी हळूहळू, हाताला चटका बसेल इतपतच. बॉडी जरा फुगते, गंजाची पकड ढिली होते. आणि डिझेल, ॲसिटोन लावलेलं असताना आग जवळ आणायचीच नाही.

तडकलेल्या बीडाचं वेल्डिंग होतं, नाही असं नाही. निकेलचा रॉड, आधी तापवणं, छोटे छोटे टाके, प्रत्येक टाक्यावर हलकी हातोडी आणि शेवटी राखेत किंवा भाताच्या तुसात पुरून गार करणं. जुने कारागीर पितळेने ब्रेझिंग करायचे, तेही उत्तम टिकतं. पण ही वेळच का आणायची?

मालवणी_मिरची

आमच्याकडे पितळेची भांडी नि समई घासूक कोकम लावतत, मस्त लख्ख होतत. व्हाइसाक आगळ (कोकमाचो रस) लावून बघा की! आंबट ता आंबट.

रसायनवाली

मिरची, आगळ नको! आंबटपणा गंज उतरवेल हे खरं, पण आगळात आणि आमसुलात मीठ असतं. आज गंज निघेल आणि ते मीठ दुप्पट गंज आणेल. बिमलीचं आंबट फळ घासलं तर एकवेळ चालेल, तिच्यात ऑक्झॅलिक ॲसिड असतं, म्हणून तर आपल्या आज्या कपड्यांवरचे गंजाचे डाग बिमलीने काढायच्या. पण तेवढ्या मोठ्या व्हाइसाला किती बिमल्या लागतील!

मुद्दा मिठाचाच आहे. खाडीकाठच्या गंजात क्लोराइड मुरलेलं असतं. वरचा गंज खरवडून, पुसून, प्रायमर मारला तरी आत राहिलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढत राहतं आणि रंगाखालून फोड येतात. कोकणात लोक म्हणतात 'रंग टिकत नाही', पण बहुतेक वेळा धुणंच नीट झालेलं नसतं. म्हणून क्रम असा ठेवा. सगळे भाग सुटे करून आधी गोड्या पाण्यात भिजत घाला. पाणी रोज बदला. शेवटचं पाणी उकळतं ओता म्हणजे लोखंड स्वतःच्या उष्णतेने वाळतं, आणि कोमट असतानाच तेल लावा. माझ्याकडे लॅब असल्यामुळे मी धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून बघते, पांढरं गढूळ आलं की अजून मीठ आहे. घरी तेवढं नको, पाणी बदलत राहिलात तरी पुरे.

गंज उतरवायला वाण्याकडचं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरला ५० ग्रॅम. मधूनमधून ब्रश. बीड फार वेळ ठेवलं तर वर काळी काजळी येते. ते बीडातलं ग्रॅफाइट उघडं पडलेलं असतं, घासलं की जातं, पण ती आली की बाहेर काढायची वेळ झाली असं समजा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा. स्प्रिंग मात्र ॲसिडात घालू नका. टणक पोलादात हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतं.

खाडीपलीकडे

ताई, मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझं सगळं वर्कशॉप वाशिष्ठीच्या पाण्याखाली होतं. व्हाइस, ड्रिल, ग्राइंडर, सगळ्यावर गाळ. एवढं सांगतो, ज्याच्यावर गाळ बसलाय त्याने तो ओला असतानाच पाण्याच्या जोरात काढावा. वाळला की नटाच्या आट्यांत सिमेंटसारखा बसतो आणि पहिल्याच फेऱ्याला आटे घासून खातो. आम्ही आधी घर बघितलं, हत्यारं राहिली. एक व्हाइस अजून तसाच पडलाय, त्याबद्दल नंतर विचारतो.

मी गंज विजेवर काढला. बॅटरी चार्जर, प्लास्टिकचं टब, धुण्याचा सोडा. कसाही चिवट गंज काळा पडून निघतो.

रसायनवाली

उत्तम पद्धत आहे, आणि खाऱ्या गंजाला तर जास्तच. समुद्रातून वर काढलेल्या लोखंडी तोफा-नांगरांमधलं क्लोराइड संग्रहालयवाले याच तत्त्वाने काढतात. पण नीट लिहून ठेवते, कारण अर्धवट वाचून लोक प्रयोग करतात.

चार्जरची ऋण बाजू व्हाइसाच्या भागाला, धन बाजू टाकाऊ सळीला. उलटी जोडलीत तर व्हाइसच झिजेल. दहा लिटर पाण्याला साधारण तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. मीठ घालायचं नाही, क्लोरीन तयार होतो. सळीऐवजी स्टेनलेसचा चमचा, डबा काही लावायचं नाही. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून उघड्यावर करा आणि तार काढण्याआधी चार्जर बंद करा, ठिणगी नको. पोरं-मांजरं लांब ठेवा.

दहा_बाराचा_पाना

भर घालतो. हल्लीचे स्मार्ट चार्जर बॅटरी दिसली नाही तर चालूच होत नाहीत. जुना जड ट्रान्सफॉर्मरवाला शोधा.

गंजलेला_माणूस

आमच्याकडे लाईट जाते-येते. म्हणजे गंज जातो-येतो का?

पडवीवाला

उशिरा लिहितोय, पण चांगली बातमी आहे. स्क्रू बाहेर आला, आणि लेथवाल्यांनी सांगितलं तसंच निघालं. वॉशर आणि स्प्रिंगचे तीन तुकडे आत सापडले, पिनेचा बुंधा स्क्रूच्या भोकात अडकलेला. डिझेल-ऑइलची फडकी बांधली, रोज मागून ठोकत गेलो. हलेना. मग आमच्या गावच्या सुताराने वेगळीच युक्ती केली. ऐनाच्या लाकडाच्या दोन पाचरी तासल्या, त्या जबड्यांच्या फटीत समोरासमोरून बसवल्या आणि आळीपाळीने एकेक टोला. वाळूत पाय ओढावा तसा जबडा कुरकुरत बाहेर आला. सुताराने त्याला 'शेगडा सोडवणं' म्हटलं, त्यांच्याकडचे लाकडी शेगडे, म्हणजे सुतारी व्हाइस, पावसाने फुगले की असेच सोडवतात म्हणे.

विजेच्या भानगडीत पडलो नाही. लिंबूसत्त्वातच काढला. खाली चौकोनी आटे असे स्वच्छ आलेत की बघत राहावं. नटाचे आटेही ठीक दिसतायत.

आता दोन अडचणी. स्क्रूतला पिनेचा बुंधा कसा काढू? आणि पट्टीच्या तुटक्या स्क्रूच्या जागी आठ एमएमचा नवा लावून बघितला, तो दोन आटे शिरतो आणि घट्ट होतो. गंज राहिला असेल का आत?

लेथवाला

आठ एमएमचा तिथेच थांबवा, पुढे फिरवू नका! इंग्लंडचा जुना माल, आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचे. ते अडीच सुती असणार, म्हणजे ५/१६ इंच, इंचाला १८ आटे. आठ एमएमचा जवळपास त्याच जाडीचा, पण आटे इंचाला वीसच्या थोडे वर पडतात. म्हणून शिरल्यासारखा वाटतो आणि मग आटे खातो. हार्डवेअरवाल्याकडे अडीच सुती इंची आट्याचा, बुडक्या डोक्याचा स्क्रू मागा. कोकणात पंपाच्या आणि जुन्या गिरण्यांच्या कामाला इंची माल अजून ठेवतात.

तुटका स्क्रू: मधोमध पंच मारा, तीन एमएमने भोक, मग उलट्या हाताचा (डावीकडे फिरून कापणारा) ड्रिल मिळाला तर त्याने. तो फिरवतानाच स्क्रू कधी कधी आपोआप बाहेर येतो. इझीआउट (तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार) शेवटचा उपाय, ते आत मोडलं तर टणक असल्याने ड्रिलही होत नाही.

पिनेचा बुंधा: भोक आरपार आहे, त्यामुळे भोकापेक्षा किंचित बारीक पंचाने एका बाजूने ठोका. हलला नाही तर दुसऱ्या बाजूने. नवी पिन साधी स्प्लिट पिनच घाला. हौसेने टणक डॉवेल (भरीव पिन) घालू नका. पुढच्या वेळी पाइप लावलाच कोणी, तर पिनेनेच तुटावं.

तांडेल

स्टेनलेसचे बोल्ट वापरा ना राव, खाऱ्या हवेत दुसरं काही टिकत नाही.

दहा_बाराचा_पाना

स्टेनलेस आणि लोखंड एकत्र आले की लोखंड जास्त गंजतं असं ऐकलंय.

रसायनवाली

दोघांचंही खरं. कोण मोठा आणि कोण छोटा त्यावर आहे. मोठ्या बीडात छोटा स्टेनलेस बोल्ट, फारसा त्रास नाही. उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात छोटा लोखंडी बोल्ट घातलात तर तो बोल्ट बघता बघता संपतो. बाकाच्या बोल्टांना स्टेनलेस चालेल, आट्यांना ग्रीस लावून बसवा, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस नट चिकटून बसतो.

पार्लेकर

तेल कोणतं हा मुद्दा राहिलाच. घरात खोबरेल असताना बाजारातलं कशाला?

अबोली_दापोली

खोबरेल खवट होतं, आंबट होतं, आणि थंडीत थिजतं. तेव्हा लावलं तर पुसून परत लावायची तयारी ठेवा. स्क्रूच्या आट्यांना आणि गोळ्यामागच्या वॉशरला ग्रीस. सरकत्या दांडीला मात्र ग्रीस नको, मशीन ऑइलचा पातळ हात पुरे. ग्रीसवर कानशीचा कीस चिकटतो आणि तोच मग सॅंडपेपरचं काम करतो.

तांडेल

आमचे आजोबा होडीला मोरीचं (मोरी म्हणजे शार्क मासा) तेल लावायचे, तेच नांगराला, तेच सुऱ्यांना. लाकूड-लोखंड दोन्ही टिकायचं. वास मात्र असा की गावाबाहेरून कळायचं कोणाची होडी तयार झाली.

मालवणी_मिरची

व्हाइस र्‍हवां दे, आदी सांग तो वास घरातल्या बायकांनी कसो सोसलो?

तांडेल

आजीने सोसला म्हणून मी आहे, एवढंच सांगतो.

खाडीपलीकडे

पावसाळ्यात बारीक हत्यारांचं काय करता? आम्ही लाकडी कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचो. आता एलईडी आले, ते तापतच नाहीत.

रसायनवाली

तापत नाहीत म्हणून उपयोगही नाही. बल्बने कपाटातली हवा बाहेरच्यापेक्षा जरा उबदार राहते, म्हणून लोखंडावर दव धरत नाही. जुना पिवळा बल्ब मिळतोय तोवर घेऊन ठेवा, वायरिंग तपासून आणि कागदापासून लांब लावा.

पडवीवाला

पिन आणि स्क्रू दोन्ही झाले. अडीच सुती अगदी नेमका बसला. ताईंची कागदाची परीक्षाही घेतली, दोन्ही पट्ट्या धरल्या. फक्त जबडे मिटल्यावर वरच्या कडा आधी टेकतात आणि खाली बारीक उजेड दिसतो. बिघाड आहे का?

आणि रंगाचं काय? निळाच द्यायचा विचार आहे.

अबोली_दापोली

बिघाड नाही, तसंच हवं. जोर आला की सरकता जबडा वरच्या बाजूने किंचित मागे कलतो, तेव्हा तो उजेड मिटतो. आधीपासून खालच्या कडा टेकत असतील आणि वर फट असेल तर मग दांडी झिजलीय असं समजा.

रंग देताना जुना थर कोरडा घासू नका. आपल्याकडे रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचा आणि बाहेरचा रंग कसला असेल सांगता येत नाही. पाणी लावून घासा, तो गाळ विहिरीजवळ सांडू नका. रेड ऑक्साइड प्रायमर, वर इनॅमल. सरकत्या बाजू, आटे आणि पट्टीमागची जागा रंगवायची नाही.

बसवताना दोन गोष्टी. जबड्याची वरची कड तुमच्या कोपराच्या उंचीला. आणि स्थिर जबडा बाकाच्या कडेच्या जरासा पुढे यायला हवा, म्हणजे लांब नळी उभी धरता येते. बाकाच्या पायाच्या वर बसवा, दोन पायांच्या मधे नको, नाहीतर घासताना फळी झुलते.

पुन्हा_तोच

पट्ट्यांचे दात गेले असतील तर? ट्रकच्या कमानीचा पाटा कापून लोहाराकडून बनवून घेता येतो. मऊ करायचं, भोकं पाडायची, दात काढायचे, मग पाणी द्यायचं, म्हणजे तापवून विझवून टणक करायचं.

लेथवाला

पुन्हा तोच, हे मात्र बरोबर सांगितलंत. फक्त तेलात विझवा, पाण्यात पाटा तडकतो, आणि नंतर थोडा तापवून परत नरम करा. पण पडवीवाल्यांना लगेच गरज नाही. गुळगुळीत कामासाठी तांब्याच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या वाकवून पट्ट्यांवर बसवा, पितळी नळाला ओरखडे येत नाहीत.

पार्लेकर

बरं, एक कबूल. नवा घेतला असता तर एवढा धागा झाला नसता. मला विकणार का?

पडवीवाला

नाही.

खाडीपलीकडे

आता माझ्या पुरातल्या व्हाइसचं. स्क्रूचा गोळा बाहेर येत नाही, जागच्या जागी फिरतो. म्हणजे नट गेला ना?

लेथवाला

बहुतेक. पण आधी खालून बघा, नट अडवणारा बोल्ट किंवा चावी तुटून नट स्वतःच फिरत नाही ना. तसं असेल तर नवा बोल्ट घालून काम संपलं. नट घट्ट असून आटे गुळगुळीत झाले असतील तर स्क्रू घेऊन लेथवर जा, नट नुसता तोंडी सांगून होणार नाही. इंचाला किती आटे ते मोजा, स्क्रूची बाहेरची जाडी घ्या, आणि आटे डावे नाहीत ना ते बघा. गनमेटलचा (पितळेसारख्या मिश्रधातूचा) बनवून घ्या. स्क्रूचे आटेही मधेच झिजलेले असतील तर दोन्ही बदलावे लागतील, नुसता नट बदलला तर जबडा अर्ध्यात सैल आणि टोकाला घट्ट होतो. मोजमापं इथे टाका, मी बघून सांगतो.

खाडीपलीकडे

खालचा बोल्ट अर्धा तुटलेला आहे! उद्या नवा घालतो.

गंजलेला_माणूस

किती सुती, विचारून जा. आठ एमएम घालू नका.